अठरा मे की एकतीस मार्च : आमच्या भागीदारीचा हिशेब

आमच्या भागीदारीचा हिशेब कोणत्या तारखेपर्यंतचा धरायचा हे ज्या दिवशी ठरले, त्या दिवशी आमचा वाद जवळजवळ मिटला. ती तारीख ठरायला मात्र चौदा महिने लागले. त्या काळात वकील, लवाद (न्यायालयाबाहेर वादाचा निर्णय देणारी व्यक्ती), लेखापाल आणि कागदपत्रांच्या नकला यांवर आम्ही दोघींनी जो पैसा आणि जी उमेद खर्च केली, ती परत येण्यासारखी नव्हती. हा सगळा प्रवास सविस्तर लिहावा असे मला वाटते, कारण त्या वेळी मला कायद्याची कलमे सांगणारे पुष्कळ भेटले, पण एक छोटा भागीदारी व्यवसाय मोडताना प्रत्यक्षात कोणत्या क्रमाने काय घडते हे कोणी सांगितले नव्हते.

आम्ही दोघी लालबागच्या एकाच चाळीत वाढलो. दोघींचे वडील गिरणीत होते आणि १९८२ च्या संपानंतर दोन्ही घरे बायकांच्या हातच्या कामावर उभी राहिली. माझी आई उन्हाळ्यात ओळखीच्या घरांसाठी वर्षाचा मसाला करून देत असे. मिरची भाजणे, निवडणे आणि मिरची गल्लीतील डंकावर कुटून आणणे हे मी तिच्या हाताखाली शिकले. मैत्रिणीला माणसे जोडण्याची आणि पैशाची उत्तम जाण होती. २००६ मध्ये आम्ही दोघींनी गोडा मसाला, मालवणी मसाला, भाजणी आणि मेतकूट यांचा व्यवसाय भागीदारीत सुरू केला आणि २०११ मध्ये भांडुपला औद्योगिक वसाहतीत भाड्याचा गाळा घेतला. खरेदी आणि उत्पादन माझ्याकडे होते. विक्री, वसुली आणि बँक तिच्याकडे. वाटा निम्मा-निम्मा होता.

भागीदारीचा करारनामा तीन पानांचा होता आणि तो आमच्या लेखापालांनी त्यांच्याकडील ठरलेल्या नमुन्यावरून तयार करून दिला होता. त्यात भांडवल होते, नफ्याचे प्रमाण होते, बँक खाते कोणी चालवायचे ते होते. भागीदारी किती वर्षांची हे लिहिलेले नव्हते. एखादीला बाहेर पडायचे असल्यास तिच्या हिश्श्याची किंमत कशी काढायची, नाव कोणाकडे राहायचे, हिशेब कोणत्या तारखेला थांबवायचा, यांविषयी एकही ओळ नव्हती. शेवटच्या कलमात एवढेच होते, की वाद झाल्यास तो लवादाकडे सोपवावा आणि लवाद म्हणून संस्थेच्या, म्हणजे आमच्या भागीदारीच्या, लेखापालांनी काम पाहावे. सोळा वर्षांत तो कागद आम्ही बँकेत दाखवण्यापलीकडे कधी उघडला नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये दादरच्या एका दुकानात मला एका नव्या नावाचे मालवणी मसाल्याचे पाकीट दिसले. घरी आणून फोडले आणि वासावरूनच कळले की हा आमचा मसाला आहे. पत्ता आमच्या गाळ्याच्या शेजारच्या गाळ्याचा होता आणि नाव मैत्रिणीच्या सुनेच्या संस्थेचे होते. विचारल्यावर तिने नाकारले नाही. सुनेने स्वतःचे काहीतरी सुरू केले आहे, त्यात गैर काय, असे तिचे म्हणणे होते. पुढच्या पंधरवड्यात गाळ्यातील संगणकावरच्या टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड बदललेला मला आढळला. २७ मार्चला तिच्या घरी आमचे मोठे भांडण झाले आणि मी रागाच्या भरात म्हणाले, "आता पुरे झाले, आपण वेगळ्या होऊ." हे वाक्य पुढे किती महाग पडणार आहे याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

फोर्टमधल्या एका वकीलबाईंकडे मी एप्रिलच्या अखेरीस गेले. त्याआधी नातेवाइकांनी एकच धोशा लावला होता, की पोलिसांत फसवणुकीची तक्रार कर, म्हणजे ती आपोआप वठणीवर येईल. वकीलबाईंनी तो मार्ग पहिल्याच भेटीत बाजूला ठेवला. भागीदारीच्या मालमत्तेवर प्रत्येक भागीदाराचा मालक म्हणून हक्क असतो, त्यामुळे एखाद्याने ती स्वतःसाठी वापरली तर तो दिवाणी हिशेबाला बांधील असतो. मात्र ती मालमत्ता खास कराराने त्याच्याकडे सोपवलेली असल्याखेरीज तो फौजदारी विश्वासघात ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितले आहे, हे त्यांनी मला समजावले. त्या म्हणाल्या, "ताई, तुमचे भांडण पैशाचे आहे. ते हिशेबानेच सुटेल. तक्रार केलीत तर हिशेबाची दारे आधी बंद होतील."

भारतीय भागीदारी अधिनियम १९३२ सालचा आहे, पण माझ्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्यात होते हे पाहून मला आश्चर्य वाटले. कलम १२ प्रमाणे हिशेबाची पुस्तके पाहण्याचा आणि त्यांची नक्कल घेण्याचा प्रत्येक भागीदाराला अधिकार आहे, म्हणजे पासवर्ड बदलणे गैर होते. कलम १६ प्रमाणे भागीदाराने संस्थेशी स्पर्धा करणारा तसाच व्यवसाय केला, तर त्यातला नफा त्याने संस्थेला दिला पाहिजे. सुनेचे नाव पुढे करून तो चालवल्याचे दाखवता आले तर हे कलम लागू होईल असे वकीलबाईंचे मत होते. आणि मुदत न लिहिलेली भागीदारी ही मर्जीनुसार चालणारी भागीदारी असल्यामुळे, कलम ४३ खाली कोणीही एक भागीदार लेखी नोटीस देऊन ती विसर्जित करू, म्हणजे मोडू शकतो.

आमची संस्था नोंदणीकृत नव्हती, आणि हा दोष ऐकून मी घाबरले होते, कारण नोंदणी नसलेल्या संस्थेला न्यायालयात दावाच लावता येत नाही असे मला कोणीतरी सांगितले होते. ते अर्धे खरे होते. कलम ६९ चा अडसर आहे. परंतु विसर्जनासाठी, विसर्जित संस्थेच्या हिशेबासाठी आणि तिची येणी वसूल करण्यासाठी त्याच कलमात मोकळीक आहे. महाराष्ट्राने १९८४ मध्ये दुरुस्ती करून ही मोकळीकही बरीचशी काढून घेतली होती. ती दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये घटनाबाह्य ठरवली. लवादाच्या कार्यवाहीला तर कलम ६९ आडवे येतच नाही, असा निर्णय २०१६ मध्ये झाला. ही माहिती मिळेपर्यंतचे तीन आठवडे मी झोपले नव्हते. तरीही माझे ठाम मत आहे की संस्थेची नोंदणी पहिल्याच वर्षी करावी, कारण भागीदारी चालू असताना एखाद्या दुकानदाराने लाखभर रुपये थकवले तर नोंदणी नसलेली संस्था त्याच्याविरुद्ध न्यायालयात दावा लावू शकत नाही. आम्ही अशी दोन येणी सोडून दिली होती.

नोटीस तयार झाली तेव्हा वकीलबाईंनी विचारले, "विसर्जनाची तारीख कोणती घालू?" मी उत्तर दिले, "आजचीच." तो १८ मे २०२२ चा दिवस होता. त्यांनी पेन खाली ठेवले आणि मला विचार करायला सांगितले. मी विचार केला नाही. मसाल्याच्या धंद्यात मे महिना म्हणजे काय असतो हे मला सोळा वर्षे माहीत होते, आणि तरीही मला त्या दिवशी फक्त त्या नात्यातून मोकळे व्हायचे होते.

फेब्रुवारी ते मे या काळात वर्षभराची मिरची घ्यावी लागते. ब्याडगी, संकेश्वरी, काश्मिरी अशी तिन्ही वाशीच्या मसाला बाजारातून उचलून शीतगृहात ठेवायची, कारण जूननंतर हवेतला ओलावा मिरचीत शिरतो आणि भावही चढतात. त्या वर्षी आंध्र आणि तेलंगणातील मिरचीवर फुलकिड्यांचा मोठा प्रादुर्भाव झाल्यामुळे भाव आधीच चढे होते. गुढीपाडव्याला, म्हणजे २ एप्रिलला, मैत्रिणीने दोन नातेवाइकांकडून संस्थेच्या नावावर बावीस लाख रुपये उसने घेतले आणि मी नेहमीप्रमाणे वाशीला जाऊन खरेदी केली. भांडण झालेले असले तरी हंगाम थांबत नाही. म्हणजे १८ मे रोजी आमच्याकडे भरपूर माल होता, मोठे कर्ज होते आणि उन्हाळ्यातल्या बेगमीची विक्री ऐन जोरात होती.

तिच्या वकिलांचे उत्तर आले त्यात लिहिले होते, की भागीदारी १८ मे रोजी नव्हे तर मार्चअखेरच संपली. मी २७ मार्चला "वेगळ्या होऊ" म्हणाले आणि तिने ते मान्य केले, म्हणून कलम ४० खाली परस्परसंमतीने विसर्जन झाले. तसे असेल तर एप्रिलमध्ये घेतलेला सारा माल तिचा, कर्ज तिचे, आणि बेगमीचा नफाही तिचाच. आमच्या बाजूने उत्तर गेले, की भागीदारी १८ मे रोजी संपली असली तरी संस्थेच्या मालावर आणि माझ्या भांडवलावर तिने धंदा चालूच ठेवला आहे, त्यामुळे दिवाळीपर्यंतच्या नफ्यातही माझा हिस्सा आहे. आमचा आधार कलम ३७ चा होता. बाहेर पडलेल्या भागीदाराचा हिशेब न चुकवता बाकीच्यांनी व्यवसाय चालवला, तर त्याला पुढच्या नफ्यातला वाटा किंवा आपल्या हिश्श्यावर सालीना सहा टक्के व्याज, यांपैकी एक निवडता येते. हे कलम निवृत्त किंवा मृत भागीदारासाठी आहे, दोघींच्या विसर्जित संस्थेला लागू नाही, असा त्यांचा प्रतिवाद होता. अशा रीतीने एका व्यवसायाला तीन शेवट निर्माण झाले.

उच्च न्यायालयाची उन्हाळी सुट्टी संपताच जूनमध्ये आम्ही लवाद व सलोखा अधिनियम, १९९६ च्या कलम ९ खाली अंतरिम संरक्षणासाठी अर्ज केला. लवाद नेमला जाण्याआधी मालमत्ता जशीच्या तशी राहावी यासाठी हा मार्ग आहे. न्यायालयाकडून रिसीव्हर, म्हणजे वादातली मालमत्ता ताब्यात ठेवणारा अधिकारी, नेमून घ्यावा असा माझा हट्ट होता. मुंबई उच्च न्यायालयात कोर्ट रिसीव्हरचे स्वतंत्र कार्यालयच आहे, आणि व्यवहारात पुष्कळदा रिसीव्हर मालमत्तेचा ताबा घेऊन चालू व्यवसाय एका पक्षाकडेच आपला एजंट म्हणून ठेवतो आणि त्याच्याकडून रॉयल्टी व तारण घेतो. वकीलबाईंनी मला विचारले की गाळ्याला सील लागले तर शीतगृहातून मिरची कोण काढणार आणि दुकानदार किती आठवडे वाट पाहतील. नाशवंत मालाच्या धंद्यात रिसीव्हर म्हणजे दोघींचेही नुकसान, हे मला पटायला दोन दिवस लागले. शेवटी उभय पक्षांच्या संमतीने आदेश झाला: बँक खाते दोघींच्या सहीने चालेल, जुन्या नावाचा माल फक्त संस्थेच्या खात्यातूनच विकला जाईल, टॅलीची संपूर्ण प्रत मला मिळेल आणि न्यायालयाने नेमलेले कोर्ट कमिशनर मालाची मोजदाद करतील.

ती मोजदाद मला अजून जशीच्या तशी आठवते. जूनचा शेवटचा आठवडा होता, बाहेर धो धो पाऊस, आणि आम्ही दोघी गाळ्याच्या दोन टोकांना उभ्या होतो. कमिशनर हे एक तरुण वकील होते. ते प्रत्येक पोते काट्यावर ठेवायला लावत आणि वजन मोठ्याने उच्चारून लिहून घेत. तिसऱ्या रांगेनंतर मला जाणवले की पोत्यांची वजने खरेदीच्या पावत्यांपेक्षा जास्त येत आहेत. मिरचीने ओलावा घेतला होता. मी काही बोलायच्या आत पलीकडून मैत्रीण म्हणाली, "साहेब, हे वजन धरू नका, हिला विचारा, पावसाळ्यात मिरची चढते." चार महिन्यांत तिने माझ्याविषयी उच्चारलेले ते पहिले वाक्य होते ज्यात आरोप नव्हता. कमिशनरांनी दोन्ही आकडे लिहिले, पावतीचा आणि काट्याचा, आणि खाली आमच्या सह्या घेतल्या. पुढे मालाची किंमत पावतीप्रमाणे, म्हणजे खरेदीच्या दराने धरायची हे ठरले, त्याचे मूळ या नोंदीत होते.

कलम ९ चा आदेश मिळाला की नव्वद दिवसांत लवादाची कार्यवाही सुरू करावी लागते. आम्ही जुलैमध्ये तशी रीतसर नोटीस दिली. करारात लवाद म्हणून ज्यांचे पद लिहिले होते, त्या आमच्या लेखापालांनाच आता नेमता येत नव्हते. पक्षकाराशी व्यावसायिक संबंध असलेली व्यक्ती २०१५ च्या दुरुस्तीनंतर लवाद म्हणून अपात्र ठरते, आणि वाद उद्भवल्यानंतर दोन्ही पक्षांनी लेखी संमती दिली तरच ती अपात्रता दूर होते. ते गृहस्थ स्वतःच दूर झाले. उच्च न्यायालयात लवाद अधिनियमाच्या कलम ११ चा अर्ज करून लवाद नेमून घेता आला असता, पण सप्टेंबरमध्ये दोन्ही वकिलांनी एका ज्येष्ठ वकिलांच्या नावावर एकमत केले आणि काही महिने वाचले.

खर्चाविषयी स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. माझी मागणी साठ लाखांची होती. लवाद अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीतील तक्त्याप्रमाणे वीस लाखांपासून एक कोटीपर्यंतच्या वादाला ९७,५०० रुपये, अधिक वीस लाखांवरील रकमेच्या तीन टक्के, असे शुल्क आहे, आणि लवाद एकटाच असल्यास त्यावर आणखी पंचवीस टक्के. म्हणजे २,७१,८७५ रुपये, दोघींत निम्मे. तिने प्रतिदावा केला तेव्हा त्याचे शुल्क वेगळे लागले. वकिलांचे शुल्क याखेरीज. मागणीचा आकडा फुगवला की शुल्कही फुगते, हे साठ लाख लिहिताना माझ्या लक्षात आले नव्हते. संतापाच्या भरात मी बदनामीची भरपाई म्हणूनही एक मोठी रक्कम त्यात घातली होती, जिला पुराव्याचा काहीही आधार नव्हता.

ऑक्टोबरमधल्या पहिल्या बैठकीत लवादांनी वेळापत्रक आखले आणि उठता उठता दोन्ही बाजूंना विचारले, "हिशेब नेमका कोणत्या दिवसापर्यंतचा, यावर तुमच्यात किती रुपयांचा फरक पडतो?" कोणालाही उत्तर देता आले नाही. खरे तर त्याच संध्याकाळी आम्ही ते उत्तर शोधायला बसायला हवे होते. त्याऐवजी पुढचे सहा महिने लेखी कथनात गेले. माझे दाव्याचे कथन चौसष्ट पानांचे होते. त्यात सोळा वर्षांतला प्रत्येक अपमान तारीखवार होता आणि हिशेबाच्या तारखेविषयी एकच परिच्छेद होता. व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशांसाठी पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चे प्रमाणपत्र जोडले, कारण २०२० मध्ये जालन्याच्या एका निवडणूक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याची आवश्यकता पुन्हा स्पष्ट केली होती. लवाद पुरावा कायद्याने बांधलेला नसला तरी वकीलबाईंना ढिलाई नको होती.

तिच्या उत्तरात एक गोष्ट होती जी खरी होती. २०१९ मध्ये मुलाच्या शिक्षणासाठी मी संस्थेतून चार लाख रुपये घेतले होते. तिने तेव्हा तोंडी होकार दिला होता, पण मी ते माझ्या उचलीत, म्हणजे भागीदाराने स्वतःसाठी काढलेल्या रकमेत, लिहून घेतले नाही आणि ते खर्चात दडून गेले. वकीलबाईंनी विचारले, नाकारायचे का? मी नाही म्हटले. तिच्या सुनेच्या पाकिटांचा हिशेब मागताना स्वतःचे चार लाख लपवणे मला जमले नसते. ही कबुली लेखी गेली आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी तिच्याकडून सुनेच्या संस्थेची विक्रीची पुस्तके पाहायला मिळाली. या दोन्हींचा संबंध होता की नाही हे मी सिद्ध करू शकत नाही, पण माझा तसा विश्वास आहे.

मे २०२३ मध्ये लवादांच्या सूचनेवरून आणि दोघींच्या संमतीने कार्यवाही थांबवून आम्ही मध्यस्थाकडे, म्हणजे निर्णय न देता तडजोडीला मदत करणाऱ्या तटस्थ व्यक्तीकडे, गेलो, आणि त्याच वेळी एका तटस्थ सनदी लेखापालांना हिशेब काढायला सांगितले. मध्यस्थीतले बोलणे गोपनीय असते, ते पुढे कोठेही पुरावा म्हणून वापरता येत नाही. म्हणून त्या बैठकांत ती काय बोलली ते मी येथे लिहिणार नाही. लेखापालांनी काय केले ते सांगते. त्यांनी एकाच मोठ्या कागदावर तीन ताळेबंद शेजारी शेजारी मांडले: ३१ मार्च २०२२, १८ मे २०२२ आणि दिवाळी उलटल्यावरचा ३१ ऑक्टोबर २०२२. सर्व देणी वजा जाता पहिल्यात शिल्लक २७ लाख २० हजार होती, दुसऱ्यात ३० लाख ४० हजार, तिसऱ्यात ४५ लाख ८० हजार.

मी तो कागद बराच वेळ पाहत राहिले. एप्रिलमध्ये घेतलेला माल आणि त्यासाठीचे कर्ज व उधारी एकमेकांना जवळजवळ मारून टाकत होती. ज्या दोन तारखांवरून कायद्याची कलमे, २७ मार्चचे भांडण आणि साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रे लढवली गेली, त्यांत प्रत्येकीला पडणारा फरक होता एक लाख साठ हजार रुपयांचा. माझा एकटीचा खर्च तोवर सहा लाखांच्या वर गेला होता. खरा प्रश्न तिसऱ्या रकान्यात होता: मेनंतर माझा हात न लागता, पण माझ्या निवडीच्या मालातून आणि माझ्या आईच्या प्रमाणातून झालेला पंधरा लाखांचा नफा कोणाचा? त्याविषयी मात्र चौसष्ट पानांत मी फारसे काही लिहिले नव्हते.

प्रश्न नेमका झाल्यावर उत्तर सापडायला तीन बैठका पुरल्या. जुलैमध्ये १८ मे ही तारीख दोघींनी मान्य केली. माल खरेदीच्या दराने धरला. मेनंतरचा नफा तिचा, कारण श्रम तिचे होते. माझे पैसे अडकून राहिले म्हणून माझ्या हिश्श्यावर त्या तारखेपासून सहा टक्के व्याज. माझे चार लाख माझी उचल म्हणून आणि सुनेच्या संस्थेकडे गेलेले सात लाख तिची उचल म्हणून एकूण रकमेत मिळवले, तेव्हा वाटण्याजोगी रक्कम ४१ लाख ४० हजार झाली. निम्मे २० लाख ७० हजार. त्यातून माझी उचल वजा जाता मला १६ लाख ७० हजार. उचल अशी धरली की चार लाखांचा परिणाम प्रत्यक्षात दोन लाखांचाच होतो, कारण निम्मे आपलेच असतात. हे साधे गणित कोणी आधी समजावले असते तर त्या चार लाखांवरून इतकी कटुता आली नसती.

व्यवसायाचे नाव हा शेवटचा कठीण मुद्दा होता. बोधचिन्हाची नोंदणी तिच्या एकटीच्या नावावर होती, पण शुल्क संस्थेने भरले होते, आणि भागीदारी अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे संस्थेच्या पैशाने घेतलेली वस्तू, उलट इरादा दिसत नसेल तर, संस्थेचीच मानली जाते. नाव तिने ठेवले आणि माझ्या निम्म्या हक्काचे सहा लाख दिले. मी तीन वर्षे मुंबईत मसाला करू नये अशी तिची अट होती. विसर्जनाच्या वेळी भागीदारांनी असा वाजवी निर्बंध मान्य केल्यास तो कलम ५४ प्रमाणे वैध ठरतो, त्यामुळे सही करण्यापूर्वी मी ती ओळ चार वेळा वाचली आणि नकार दिला. जुन्या अकरा दुकानांना एक वर्ष माल द्यायचा नाही, एवढे मी मान्य केले. यंत्रे मला हवी होती, परंतु वस्तुरूपाने वाटणी घेतली की प्राप्तिकराच्या २०२१ च्या तरतुदींमुळे संस्थेवर कराचा बोजा येतो असे लेखापालांनी सांगितले, म्हणून यंत्रे तिच्याकडे राहिली आणि मी रोख रक्कम घेतली. आईची हस्तलिखित प्रमाणांची वही मात्र परत मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत पहिल्या क्रमांकावर लिहून घेतली.

ऑगस्ट २०२३ मध्ये या अटी लवादांपुढे ठेवल्या आणि त्यांनी लवाद अधिनियमाच्या कलम ३० खाली संमतीचा निवाडा दिला. केवळ आपसांतला समझोता आणि असा निवाडा यांत मोठा फरक आहे: हप्ता चुकला तर नव्याने दावा लावावा लागत नाही, निवाड्याची अंमलबजावणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे होते. सुमारे चोवीस लाख रुपये, तीन-तीन महिन्यांनी सहा हप्ते, आणि एक हप्ता चुकल्यास उरलेली सर्व रक्कम व्याजासह एकदम देय. साठ लाखांच्या मागणीतून चोवीस लाख हाती आले, तेव्हा घरी निराशा झाली. मला झाली नाही, कारण तीन रकान्यांचा तो कागद मी पाहिला होता.

निवाड्यानंतरची कामे सर्वांत दुर्लक्षित असतात आणि म्हणून मी ती स्वतः पाठपुरावा करून केली. विसर्जनाची जाहीर सूचना राजपत्रात आणि एका मराठी दैनिकात दिली; ती देईपर्यंत जुन्या भागीदाराने संस्थेच्या नावावर केलेल्या व्यवहारांची जबाबदारी तिसऱ्या व्यक्तींपुरती आपल्यावरही राहू शकते. जीएसटीच्या नोंदणीतून आणि अन्न परवान्यातून माझे नाव निघाले. बँकेच्या कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाच्या कर्जाच्या) खात्याला मी वैयक्तिक हमी दिली होती आणि आपसांतल्या कोणत्याही निवाड्याने ती हमी सुटत नाही, बँकेनेच ती सोडावी लागते. त्यासाठी मी सात महिने शाखेत जात होते. पर्यायी हमीदार म्हणून मैत्रिणीच्या सुनेने सही केली तेव्हा ते काम मार्गी लागले.

शेवटचा हप्ता नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरल्या दिवशी जमा झाला. वही त्याआधीच, पहिल्या हप्त्याबरोबर, तिने स्वतः चाळीत आणून दिली होती; कव्हर नवे घातलेले होते आणि आईने जिथे फक्त "अंदाजाने" असे लिहिले होते, तिथे तिने पेन्सिलीने ग्रॅम लिहून ठेवले होते. ते आकडे बरोबर होते.